पावसाळ्याआधी टायर बदलायचेत – मुंबईत काय बघून घ्यावेत?

नेकारकाठचा_मुलुंडकर | १२ मे, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं श्टुटगार्टला काढून जानेवारीत कायमचा मुलुंडला परतलोय. बाबांची हॅचबॅक आता माझ्या ताब्यात आली आहे. तिकडे टायरच्या बाबतीत फार डोकं चालवावं लागत नसे. ऑक्टोबर आला की हिवाळी टायर चढवायचे, ईस्टर झाला की उन्हाळी. रस्त्यावर बर्फ असताना हिवाळी टायर नसतील तर सरळ दंड. शिवाय टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, हे चिन्ह लागतंच. नुसतं 'एम+एस' (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं तिथे ऑक्टोबर २०२४ पासून चालत नाही.

इथे महिन्याभरात पाऊस येईल. गाडीचे टायर कंपनीतून आलेलेच आहेत, साइज १८५/६५ आर १५. बाबांचं म्हणणं, "नक्षी जशीच्या तशी आहे, कशाला पैसे घालवतोस?" नक्षी खरंच भरपूर आहे, कारण गाडी बिल्डिंगखाली उभीच जास्त असायची.

प्रश्न असा की खास पावसाळी टायर नावाचा प्रकार इथे मिळतो का? हिवाळी टायरला बारीक चिरा भरपूर असतात, ओल्यात चांगले चिकटतात. तसलेच मागवून पावसाळ्याचे चार महिने वापरले तर? रोज मुलुंड–पवई, महिन्यातून एकदा पुणे, गणपतीत सावंतवाडी.

अर्धाकप | १३ मे, सकाळी ८:०५

मुंबईत हिवाळी टायर! सोबत गाडीला हीटर पण बघून ठेवा.

पीयूसी_संपली | १३ मे, सकाळी ९:२०

थट्टा सोडा, प्रश्न चांगला आहे. हिवाळी टायरचं रबर मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं. साधारण ७ अंशांच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक होऊन पकड सोडायला लागतं, तिथून हिवाळी टायरचं काम सुरू होतं. आता आपल्याकडचं बघा. सांताक्रूझला आजवरचं सगळ्यात कमी तापमान २२ जानेवारी १९६२ चं, ७.४ अंश. म्हणजे मुंबई ७ अंशांच्या खाली एकदाही गेलेली नाही! जुलैत धो धो पाऊस पडतानाही हवा २५-२७ अंशांची असते. त्यात ते मऊ रबर नुसतं लिबलिबणार, ब्रेकला गाडी जास्त लांब जाऊन थांबणार आणि टायर झिजणार भराभर. त्या चिरा बर्फाला धरायला असतात. पाणी बाहेर काढायचं काम मोठ्या खाचांचं.

आपल्या गाड्यांना इथे येतात ते युरोपच्या हिशेबाने उन्हाळी टायरच. कोमट पावसाला तेच बरे.

डबलक्लच | १३ मे, दुपारी १:१५

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. टायरच्या धंद्यात हयात गेली म्हणून थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या.

मुलुंडकर, ब्रँडचं नंतर. आधी खाली वाका आणि टायरच्या बाजूवर 'डीओटी' अशी अक्षरं शोधा. त्या ओळीच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. २३२५ असेल तर २०२५ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. बाहेरच्या बाजूला ओळ अर्धवट दिसली तर पूर्ण ओळ आतल्या बाजूला आहे असं समजा. स्टिअरिंग पूर्ण वळवा, मोबाइलचा टॉर्च मारा, दिसेल. ते बघताना खाचांच्या तळाशीही नजर टाका. केसासारख्या भेगा आहेत का?

आकडे इथे टाका, मग बोलू.

नेकारकाठचा_मुलुंडकर | १३ मे, रात्री ९:५०

चारही टायर १४१९. खाचांच्या तळाशी भेगा आहेत, रिमजवळच्या भागावर तर जाळीच दिसतेय. सुट्टीत यायचो तेव्हा एवढं निरखून कोण बघतंय!

डबलक्लच | १३ मे, रात्री १०:३५

म्हणजे एप्रिल २०१९, सात वर्षं झाली. नक्षी राहू दे नाहीतर नको, हे टायर गेले. बाबांना माझं नाव सांगा.

मुंबईतल्या गाड्यांचं दुखणंच हे आहे. इथे टायर झिजून मरत नाहीत, म्हातारे होऊन मरतात. ऊन, उष्णता, हवेतला ओझोन आणि महिनोन् महिने एकाच जागी उभं राहणं, यात रबराचं तेल जातं आणि ते लाकडासारखं कडक होतं. मग नक्षी सहा मिलिमीटर असो, ओल्या डांबराला ते धरतच नाही. पाच वर्षं झाली की दरवर्षी नीट तपासून घ्यावे आणि दहाच्या पुढे तर कितीही चांगले दिसले तरी ठेवू नयेत, असं टायर कंपन्याही सांगतात. भेगा पडल्या की पाच आणि दहाचा हिशेब करत बसू नये.

यावरून तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. दुकानात गेलं की आपला पहिला प्रश्न काय असतो? "किती किलोमीटर चालेल?" दुकानदारही मग जास्त चालणारा, म्हणजे कडक रबराचा टायर पुढे करतो. टॅक्सीवाल्याने विचारावं, त्याचं पोट आहे त्यावर. तुम्ही मुलुंड–पवई आणि पुणे धरून वर्षाला दहा हजारांच्या आसपास चालवणार. पाच वर्षांत पन्नास हजार. मग लाख किलोमीटरचा टायर घेऊन काय लोणचं घालायचंय? त्यापेक्षा लवकर झिजणारा पण ओल्यात धरणारा टायर घ्या. आयुष्य संपायच्या आत तो झिजला तर पैसे वसूल झाले म्हणायचे.

ओल्यातली पकड कशी ओळखायची, तर काही टायरवर 'ट्रॅक्शन' लिहून पुढे एए, ए, बी किंवा सी असतं. ती ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारून केलेली चाचणी आहे, एए सगळ्यात वरचा. शेजारीच 'ट्रेडवेअर'चा आकडा असतो. तो जितका मोठा तितका टायर झिजायला चिवट. वेगवेगळ्या कंपन्यांचे हे आकडे एकमेकांशी जुळवायला जाऊ नका, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्ये तुलना करायला मात्र कामाचे. युरोपात ओल्या पकडीचं ए ते ई लेबल असतं हे तुम्हाला माहीतच आहे. फक्त नाव तेच दिसलं म्हणून तिथला आणि इथे बनणारा टायर एकच आहे असं धरू नका.

सुमेधा_बोरिवली | १४ मे, सकाळी ७:५५

काका, मस्त माहिती. माझा प्रश्न वेगळा आहे. माझ्या गाडीचे पुढचे दोन झिजलेत, मागचे दोन बरे आहेत, दोन वर्षांचे. बजेट दोनचंच आहे. दुकानवाला म्हणतो नवे पुढे लावू, ताकद पुढच्या चाकांना असते. कायद्याने किती नक्षी लागते? आणि झिजलाय हे नेमकं कधी म्हणायचं?

डबलक्लच | १४ मे, दुपारी १२:४०

सुमेधाताई, कायद्याने १.६ मिलिमीटर. खाचेत आडव्या छोट्या पट्ट्या असतात, टायरच्या खांद्यावर त्यांच्या रेषेत त्रिकोण किंवा 'टीडब्ल्यूआय' लिहिलेलं असतं. नक्षी झिजून त्या पट्टीला टेकली की १.६ झाले, टायर बाद. पण पावसासाठी मी ३ मिलिमीटरला बदलायला सांगतो.

कारण सांगतो. रस्त्यावर फक्त ३ मिलिमीटर पाणी साचलंय, टायर १८५ मिलिमीटर रुंद आहे आणि तुम्ही ताशी ८० ने निघालात असं धरा. गुणाकार केला तर त्या एका टायरला सेकंदाला १२ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. दर सेकंदाला आंघोळीची एक बादली! नवा टायर साधारण ८ मिलिमीटर खोल असतो, त्याला ते जमतं. दीड मिलिमीटरच्या खाचेत एवढं पाणी मावायचं कुठे? मग टायर पाण्यावर चढतो, स्टिअरिंग एकदम हलकं लागतं आणि ब्रेक दाबून उपयोग होत नाही. तसं झालं तर ब्रेकवर उभं राहू नका. पाय अलगद उचला, स्टिअरिंग सरळ ठेवा, टायर टेकू द्या.

आता नवे कुठे लावायचे. मागे. गाडीला ताकद पुढच्या चाकांनी मिळत असली तरीही मागे. पुढचे घसरले तर गाडी वळायचं नाकारते आणि सरळ जाते. ते कळतं, वेग कमी केला की सावरतंही. मागचे घसरले तर गाडीचं बूड फिरतं, आणि ते सावरणं आपल्यासारख्यांचं काम नाही. दुकानवाल्याला सांगा, सध्याचे मागचे दोन पुढे घे आणि नवे मागे लाव. कुरकुर करेल, कारण चार चाकं उतरवावी लागतात.

खड्डेमार्ग_६६ | १४ मे, दुपारी ३:३०

मला पटणार नाही. ब्रेकचा सत्तर टक्के भार पुढच्या चाकांवर येतो, मग चांगले टायर पुढेच हवेत ना? आमच्याकडे सगळे पुढेच लावतात. आणि पावसात मी हवा तीन-चार पीएसआय कमीच ठेवतो, टायर पसरतो, पकड वाढते. गणपतीत दरवर्षी कोकणात जातो, कधी काही झालं नाही.

पीयूसी_संपली | १४ मे, दुपारी ४:१०

"कधी काही झालं नाही" हा युक्तिवाद मुंबई–गोवा रस्त्यावर करायला धाडस लागतं. तिथे ताशी ४० च्या वर जायला मिळतं कुठे?

डबलक्लच | १४ मे, रात्री ८:२५

खड्डेमार्ग, हवा कमी ठेवायची ती वाळूत रुतल्यावर. पाण्यात उलटं होतं. टायर पाण्यावर चढायचा वेग हवेच्या दाबावर ठरतो, दाब कमी तर वेगही कमी. नासाने १९६३ मध्ये विमानांच्या टायरवर हे मोजून सूत्र दिलंय. दाबाचं पीएसआयमधलं वर्गमूळ काढा, त्याला ९ ने गुणा, येतील ते नॉट (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर). ३३ पीएसआयला हिशेब येतो ताशी ९५ किलोमीटर. तोच टायर २५ वर आणलात तर ८३. विमानाचं सूत्र मोटारीला जसंच्या तसं लागत नाही. रुंद, झिजलेला टायर याच्या आधीही चढतो. पण दिशा कळली ना? मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर १०० ची मर्यादा आहे, त्यात हा बारा किलोमीटरचा फरक मोठा.

दाब किती, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. टायर थंड असताना तेवढा भरा. पंपावरच्या पोऱ्याने "पस्तीस मारू का?" विचारलं की मान डोलवू नका.

ब्रेकचा भार पुढे येतो हे खरं, आणि म्हणूनच मागची चाकं हलकी पडून आधी सुटतात. तुमचाच मुद्दा माझ्या बाजूचा आहे.

अर्धाकप | १४ मे, रात्री ९:००

नायट्रोजनबद्दल कोणी काही बोलत नाहीये? पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पीयूसी_संपली | १४ मे, रात्री ९:१२

साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळतोय तोवर घ्या. पुढे.

रिमझिम_रिम | १५ मे, सकाळी १०:४५

मुलुंडकरांच्याच साइजची गाडी आहे माझी. टायर बदलतोच आहे तर १६ इंची अलॉय आणि १९५/५५ आर १६ घालावेत म्हणतोय. रुंद टायर म्हणजे पावसात जास्त पकड, बरोबर?

डबलक्लच | १५ मे, दुपारी २:२०

कोरड्यात जास्त पकड. साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो, कारण त्याला पाणी जास्त रुंदीचं सारायचं असतं. इथे दहा मिलिमीटरचाच फरक आहे, त्याने आभाळ कोसळणार नाही. माझी खरी हरकत उंचीवर आहे.

१८५/६५ म्हणजे बाजूची भिंत १८५ च्या ६५ टक्के, म्हणजे १२० मिलिमीटर. १९५/५५ ची भिंत १०७. बाहेरून चाकाचा व्यास दोन्हीकडे जवळपास ६२१ च, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडणार नाही, दुकानदार खोटं बोलत नाहीये. पण खड्डा आणि रिम यांच्यामध्ये जे रबर असतं त्यातलं तेरा मिलिमीटर तुम्ही पैसे देऊन कमी करताय. पावसात खड्डा पाण्याखाली असतो, दिसत नाही. पेव्हर ब्लॉक निघालेला असतो, त्याची धार बसते. आतले दोरे तुटतात आणि दोन दिवसांनी बाजूवर लिंबाएवढा फुगा येतो. फुगा आला की टायर बाद, त्याला दुरुस्ती नाही. टायरवाल्यांकडे जुलै-ऑगस्टमध्ये जाऊन बघा, कोपऱ्यात नवीकोरी नक्षी असलेले फुगलेले टायर रचून ठेवलेले असतात.

दिसायला छान दिसतं, मान्य. मुंबईत मी कंपनीच्या साइजवरून हलत नाही. साइजनंतरचं ८८ एच वगैरे पण बघा. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलोचा भार, एच म्हणजे ताशी २१० पर्यंतचा वेग. गाडीला जे दिलंय त्याच्या खालचं घेऊ नका.

खड्डेमार्ग_६६ | १५ मे, दुपारी ३:०५

मग माझ्यासारख्या छोट्या एसयूव्हीवाल्यांनी जाड नक्षीचे एटी (ऑल टेरेन, कच्च्या रस्त्यालाही चालणारे) टायर लावले तर? खड्ड्याला पण बरे, चिखलाला पण बरे.

डबलक्लच | १५ मे, दुपारी ३:५०

वाडीतल्या लाल चिखलात रोज जायचं असेल तर लावा. ओल्या डांबरावर मात्र ते मोठाले ठोकळे रस्त्याला कमी टेकतात, आवाज करतात आणि बहुतेक वेळा ब्रेकला जास्त अंतर घेतात. गणपतीचे पाच दिवस वाडीत आणि उरलेलं वर्ष ठाण्यात, तर हिशेब तुम्हीच करा.

प्रवासी_पक्षी | १६ मे, रात्री १२:१५

थोडं विषयांतर, पण धाग्यात हिवाळी टायर आलेत म्हणून विचारते. डिसेंबरात स्वतःची गाडी घेऊन मनालीला जायचा विचार आहे, अटल बोगद्यापलीकडे सिस्सूपर्यंत. तिथे तरी हिवाळी टायर लागतील ना?

नेकारकाठचा_मुलुंडकर | १६ मे, सकाळी ८:३०

याला मी उत्तर देऊ शकतो, निदान एवढ्यात तरी तिकडचे दिवस कामाला येतील. घट्ट दाबलेल्या बर्फावर हिवाळी आणि उन्हाळी टायरमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि तो ब्रेक मारल्यावर कळतो. निघताना तर कुठलीही गाडी निघते. त्या टायरलाही निदान ४ मिलिमीटर नक्षी हवी, त्याखाली बर्फात उपयोग नाही. पण मुंबईहून मनालीपर्यंतचा सगळा रस्ता उबदार, त्यावर ते टायर झिजवत न्यायचे आणि आणखी झिजवत आणायचे, याला अर्थ नाही.

तुमच्यासाठी चेन, म्हणजे बर्फात टायरवर चढवायची साखळी. बर्फ पडला की पोलीस तिथे फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्याच गाड्या पुढे सोडतात. चेन आपल्या टायरच्या साइजची घ्या आणि ज्या चाकांना ताकद जाते त्यांना लावा, म्हणजे आपल्या बहुतेक हॅचबॅकना पुढे. घरी बिल्डिंगखाली एकदा लावून बघा. अंधारात गारठलेल्या बोटांनी पहिल्यांदा लावायला घेतलीत तर रडकुंडीला याल. चेन लावून ताशी ३०-४० च्या वर जायचं नाही, आणि बर्फ संपून डांबर लागलं की लगेच काढायची. सकाळच्या वेळी सावलीतल्या वळणांवर काचेसारखा पारदर्शक बर्फ असतो, तिथे चेनवरही फार विसंबू नका. खरं सांगायचं तर मनालीत गाडी लावून पुढे तिथलीच टॅक्सी करा, ती माणसं रोज त्या रस्त्यावर असतात.

प्रवासी_पक्षी | १६ मे, सकाळी ९:१०

टॅक्सीच करते. धन्यवाद!

नेकारकाठचा_मुलुंडकर | १८ मे, रात्री १०:२०

काल दोन दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानात "एकदम ताजा माल" म्हणून काढलेल्या टायरवर २०२३ चे आकडे निघाले. बोट ठेवून दाखवल्यावर म्हणे, "साहेब, गोडाऊनमध्ये टायर खराब होत नाही." निघालो. दुसरीकडे या वर्षाच्या दहाव्या आठवड्यातले मिळाले, कंपनीच्याच साइजचे, ट्रॅक्शन ए. गेल्या सप्टेंबरात जीएसटी २८ वरून १८ टक्के झाल्याने बिल बाबांना वाटलं होतं त्यापेक्षा कमी झालं, त्यामुळे घरात शांतता आहे. बसवताना आणखी काही बघायला हवं होतं का?

डबलक्लच | १८ मे, रात्री ११:०५

छान. ट्यूबलेसचे व्हॉल्व्ह नवे घातले का? बिलात बघा. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट केलंच असेल. टायरवर 'आउटसाइड' लिहिलेलं असेल तर ती बाजू चारही चाकांना बाहेरच दिसली पाहिजे. बाण असेल तर तो पुढच्या दिशेने. पोरं घाईत उलटं चढवतात आणि मग पाणी बाहेर फेकायची नक्षी पाणी आत ओढते. ५०-१०० किलोमीटर झाले की नट पुन्हा पान्याने आवळून घ्या. सुरुवातीचे काही शे किलोमीटर जपून चालवा. साच्यातून टायर सुटावा म्हणून जो थर देतात तो जाईपर्यंत नवा टायर जरा बुळबुळीतच असतो.

आणि पहिल्या सरीला द्रुतगती महामार्गावर हुशारी नको. उन्हाळाभर सांडलेलं तेल आणि धूळ त्या दिवशी वर येते. अग्निशमन दलाला माती टाकायला बोलवावं लागतं इतकं घसरतं, त्यात टायर काय करणार?

सुमेधा_बोरिवली | १९ मे, सकाळी ८:४०

माझेही झाले, नवे मागे लावून घेतले. दुकानवाल्याने दोनदा विचारलं, "मॅडम, नक्की?" काका, अंधेरी सबवेत पाणी भरलं तर नव्या टायरने फरक पडतो का?

डबलक्लच | १९ मे, सकाळी ९:३०

काडीचा नाही. फूटभर पाण्यात छोटी गाडी तरंगायला लागते आणि त्याआधीच इंजिनात पाणी जायची भीती. उड्डाणपुलाने वळसा घाला. विमा नूतनीकरणाला इंजिन संरक्षणाची जोड घेतली आहे का ते बघा, साध्या पॉलिसीत पाण्याने बसलेलं इंजिन बहुधा धरत नाहीत.

रिमझिम_रिम | १९ मे, सकाळी १०:०५

अलॉयचा बेत रद्द. १५ इंचीच. पण स्टेपनीचं काय? तीही गाडीइतकीच जुनी आहे, एकदाही वापरलेली नाही. नवीच म्हणायची ना?

डबलक्लच | १९ मे, सकाळी ११:२०

वापरली नाही म्हणून वय थांबत नाही. तिचेही चार आकडे बघा. पूर्ण साइजची असेल आणि सात-आठ वर्षांची झाली असेल तर घरापासून टायरवाल्यापर्यंत जायला ठेवा, तिच्यावर पुणे गाठायचं नाही. बारीक वाली असेल तर तिच्यावर ताशी ८० चं लेबल असतं, ती मर्यादा कोरड्या रस्त्यालाही आहे. नव्या गाड्यांत हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असलं की २०२० पासून स्टेपनी सक्तीची नाही, तेव्हा डिकी उघडून मुळात ती आहे का तेच आधी बघा. असेल तर आजच हवा भरून घ्या, दाब स्टिकरवर वेगळा दिलेला असतो. आणि जॅक, पाना जागेवर आहेत का बघा. गाडी सर्व्हिसिंगहून आली की पाना हमखास गायब असतो.